चार बोटांचं अंतर

बेदाण्याच्या शेडमध्ये धुकं सोडलं की पहिली शिंक इफ्फत मुजावरला यायची. दुसरीही तिलाच. तिसरी येईपर्यंत धुक्यात सावल्या उभ्या राहिलेल्या असायच्या आणि मग नाक पुसायलाही वेळ मिळायचा नाही.

एके काळी या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळायची. आता जाळ्या गेल्या होत्या. खाली गाद्यांचं मैदान अंथरलं होतं, दोन टोकांना खो-खोचे खांब उभे होते आणि छताला चोवीस दिवे न् चोवीस कॅमेरे टांगले होते. वरून अत्तर शिंपडावं तसं बारीक धुकं उतरायचं, त्यावर दिव्यांचे झोत पडायचे आणि धुक्यातून हुबेहूब माणसं धावायला लागायची. माणसंही साधीसुधी नाहीत, देशातल्या सगळ्यात तरबेज खेळाडू! त्यांच्या सात वर्षांच्या सामन्यांची चित्रणं यंत्राच्या पोटात होती. प्रत्येकीची चाल, वळण, खांबाशी टाकायचा सूर, सगळं यंत्रानं घोटून पाठ केलं होतं. सावलीचा हात अंगावर पडला की मनगटावरची स्पर्शपट्टी मुंगळा डसल्यासारखी डसायची. डसली की बाद. कंपनीनं या यंत्राला ‘प्रतिछाया’ असं भारदस्त नाव ठेवलं होतं. बोरमळ्याच्या पोरी त्याला भुताटकी म्हणायच्या.

“ए मलरबाई, जरा दम खा की!” इफ्फत एका उंच सावलीवर खेकसली. ती सावली कोरोमंडल संघाच्या मलरची. आपल्याला तासगाव तालुक्यात रोज शिव्या बसतात, हे खऱ्या मलरला ठाऊकही नव्हतं.

“सावलीशी भांडू नकोस, पळ!” हर्षदा पाटोळे मॅडम कडेनं ओरडल्या.

“पळून कुठं जाऊ मॅडम? जिथं जाते तिथं ही आधीच उभी!”

पट्टी डसली. इफ्फत हात झटकत बाहेर आली. मॅडमनी घड्याळ बघितलं. तीन पोरींची तुकडी एकतीस सेकंदांत गारद. कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी. मॅडमनी कपाळाला हात लावला. तो हात त्या महिन्यात कपाळावरून फारसा खाली उतरलाच नाही.

यंत्र आणायचा हट्ट त्यांचाच होता. बोरमळा क्रीडा मंडळाचा मुलींचा संघ सात वर्षं शेजारच्या माळवाडीला हरवत होता आणि पुढं गेला की पहिल्याच मोठ्या संघापुढं गळपटत होता. मॅडमना ते गळपटणं आतून माहीत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्या स्वतः राष्ट्रीय अंतिम सामन्यात उतरल्या होत्या. समोरच्या संघाची नावं माइकवरून पुकारली गेली, आणि एकेका नावासरशी त्यांचे गुडघे मऊ होत गेले. अकरा सेकंदांत त्या बाद झाल्या. त्या अकरा सेकंदांचं चित्रण घरी होतं. त्यांनी ते एकदाही बघितलं नव्हतं. आपल्या पोरींचे गुडघे कुणाच्या नावापुढं मऊ होऊ द्यायचे नाहीत, एवढंच त्यांना आयुष्यात उरलेलं काम होतं.

आणि झालं काय? महिनाभर देशातल्या अव्वल खेळाडूंकडून रोज मार खाऊन पोरी माळवाडीच्या मैदानावर उतरल्या आणि माळवाडीकडून हरल्या. माळवाडीच्या लोकांनी हलगी लावली.

“मी सांगितलं होतं,” दौलततात्या बाकावर बसून बेदाणे चघळत म्हणाले. तात्या मंडळाचे संस्थापक, वय चौऱ्याहत्तर. “रोज हरणाऱ्याला हरायची सवय लागते, हर्षदा. चहासारखी. वेळ झाली की पोरी आपोआप हरतात.”

“आणि सात वर्षं रोज माळवाडीला हरवून काय शिकलो होतो आपण?” मॅडम कडाडल्या. “माळवाडीला हरवायला! आता तेही गेलं.”

“तेच म्हणतोय मी.”

“तुम्ही काहीच म्हणू नका तात्या. जा, तुमची पळती करून घ्या.”

तात्यांची पळती हा मंडळाचा रिवाज होता. सराव संपला, धुकं बंद झालं की तात्या धोतराचा काष्टा मारून मैदानात उतरायचे आणि पोरी त्यांच्यामागं धावायच्या. आता चौऱ्याहत्तरीच्या माणसाला बाद करायला कितीसा वेळ? पण बोरमळ्यात तात्यांना कुणी बाद करत नसे. लहान मुलांच्या खेळात लिंबूटिंबू असतं ना, खेळात असतं पण धरत नाहीत, तसं. पोरी जोरात धावत यायच्या, हात लांब करायच्या, आणि तात्यांच्या पाठीपासून चार बोटांवर हात थांबवून “अगं सुटले! तात्या सुटले!” असं ओरडायच्या. तात्या तीन मिनिटं नाबाद राहायचे आणि चावडीवर जाऊन सांगायचे की अजून कुणाची बिशाद नाही. चोवीस कॅमेरे ते बघत असायचे. कॅमेरे बंद करायचं कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या महिन्यात मात्र घड्याळ फिरलं. एकतीस सेकंदांचे पन्नास झाले, पन्नासाचे दीड मिनिट. कर्णधार शरयू भोईटे एकटी मलरच्या सावलीपुढं दोन मिनिटं टिकली, त्या दिवशी मॅडमनी घड्याळ झटकून बघितलं. तिसऱ्या महिन्यात पोरी सावल्यांना हरवायला लागल्या. माळवाडीला तर असं हरवलं की हलगीवाला मधूनच उठून गेला. जिल्हा जिंकला, राज्य जिंकलं, आणि राष्ट्रीय स्पर्धेत एकेक संघ मागं टाकत बोरमळा अंतिम सामन्यात जाऊन पोहोचला. समोर कोरोमंडल. खरी मलर, हाडामांसाची.

सामन्याला आठ दिवस राहिले तेव्हा मॅडमनी कंपनीला फोन केला. “यंत्र आता सोपं पडतंय. अजून कठीण करून द्या.”

पुण्याहून देवस्थळीबाई आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात चष्म्याची साखळी, हातात स्वतःचा थर्मास. यंत्राला वायर जोडून त्यांनी तासभर आकडे वाचले, मग चष्मा काढला.

“पाटोळेबाई, हे सोपं नाही पडलेलं. हे सुसंस्कृत झालंय.”

“म्हणजे बिघडलंय?”

“आम्ही बिघाड म्हणत नाही. हे यंत्र जिथं बसवतो तिथल्या मैदानाचे रिवाज शिकून घेतं. कुठं मैदान आखूड असतं, कुठं पंच कडक असतात, म्हणून तशी सोय ठेवलीय. तुमच्याकडे त्यानं एक रिवाज उचललाय.” त्यांनी पडदा वळवला. “पहिलं दीड मिनिट सावली अगदी खरी खेळते. समोरच्या मुलीचा श्वास फुलला, पाय जड झाले की सावलीचा हात चार बोटं अलीकडे थांबतो. रोज संध्याकाळी कुणी दमलेलं माणूस इथे पळतं का? ज्याला कुणीच बाद करत नाही?”

मॅडमनी सावकाश मान वळवली. बाकावर तात्या बेदाणे चघळत होते.

“म्हणजे दोन महिने माझ्या पोरी जिंकत होत्या ते…”

“निम्मं खरं. दमेपर्यंतचं खरं.” देवस्थळीबाईंनी थर्मासचं झाकण फिरवलं. “शिकलेलं पुसून टाकते, दोन मिनिटांचं काम. अर्थात देशभरात आमची अकरा यंत्रं आहेत, आणि दर रविवारी ती शिकलेलं एकमेकांना देतात. पण इथलं तरी कोरं होईल.”

त्या अकराकडं मॅडमचं लक्षच नव्हतं. त्यांना डोळ्यांपुढं आठ दिवस दिसत होते. यंत्र कोरं केलं की पोरी उद्यापासून पुन्हा एकतीस सेकंदांत बाद. पुन्हा चेहरे पडलेले, पुन्हा गुडघे मऊ, आणि तसंच जाऊन खऱ्या मलरपुढं उभं राहायचं. नाही पुसलं तर पोरी छाती काढून उतरतील, पण खोट्या हिमतीवर.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आणि हे कुणाला बोलू नका.”

देवस्थळीबाई गेल्या आणि मॅडमचा बांध फुटला. “तात्या! तुमच्या त्या तीन मिनिटांच्या हौसेपायी देशातलं सगळ्यात हुशार यंत्र लिंबूटिंबू खेळायला शिकलं! बारा वर्षं पोरी तुम्हाला सोडतायत, कळतं का तुम्हाला?”

“कळतं की.”

मॅडमनी हातातलं घड्याळ बाकावर ठेवलं.

“मला काय डोळे न्हाईत?” तात्यांनी बेदाण्याचं देठ थुंकलं. “पाठीमागं हात थांबतो तो मला वाऱ्यावरनं कळतो. पण तू एकदा करून बघ, हर्षदा. पूर्ण वेगात पळत यायचं आणि हात बरोबर चार बोटांवर थांबवायचा. लागला तर म्हातारा दुखावतो, लांब राहिला तर नाटक उघडं पडतं. बाद करणं सोपं आहे गं. आपल्या पोरींचा हात एवढा सरळ कशानं जातो वाटलं तुला? माझ्या पाठीवर घोटलाय तो.”

“मग चावडीवर बढाया कशाला मारता?”

“कुणी ना कुणी त्यांना सांगायला नको का, की त्यांचं नाटक चांगलं वठलं म्हणून?”

मॅडमनी शेडचं दार एवढ्या जोरात लावलं की पत्रा दिवसभर कुरकुरत राहिला.

अंतिम सामना भरल्या स्टेडियममध्ये होता. माइकवरून कोरोमंडलची नावं पुकारली गेली. मॅडमनी पोरींच्या गुडघ्यांकडं बघितलं. ते थरथरत नव्हते. मलर आली तेव्हा इफ्फत शेजारणीला म्हणाली, “सावलीत जरा गोरी दिसते, नाही?” मॅडमना हायसं वाटलं आणि त्याच क्षणी ती चार बोटंही आठवली.

पहिलं आक्रमण बोरमळ्याचं. पोरींनी नऊ मिनिटांत नऊ गडी टिपले. दहावा हाताशी आला होता. शेवटच्या मिनिटात मलर दमून खांबाला वळसा घेत होती आणि शरयू तिच्या पाठीवर होती. हात लांब झाला, आणि शिट्टी वाजली. मलर नाबाद.

“हात कुठं राहिला गं!” मॅडम ओरडल्या. “वीतभर पुढं टाकायला काय झालं होतं?”

“टाकला होता मॅडम! तीच निसटली!”

मग कोरोमंडलनं पाठलाग सुरू केला. बोरमळ्याची पहिली तुकडी पन्नास सेकंदांत बाद झाली. शरयूच्या खांद्यावर मलरचा खरा हात पडला तेव्हा ती दचकून मागं वळली, एखाद्या ओळखीच्या माणसानं थोबाडीत द्यावी तशी. नऊ मिनिटांत बारा गडी गेले. विश्रांतीला बोरमळा तीन गुणांनी मागं होता आणि पोरींचे चेहरे पहिल्या महिन्यातल्यासारखे झाले होते.

“मॅडम, ह्या चुकतच न्हाईत,” शरयू धापा टाकत म्हणाली. “सावल्या कुठंतरी चुकायच्या. ह्या चुकतच न्हाईत!”

मॅडमनी पाण्याची बाटली खाली ठेवली. आणखी लपवणं त्यांच्याच्यानं होईना. “सावल्याही चुकत नव्हत्या. सोडत होत्या. तुम्ही दमलात की चार बोटं अलीकडं हात थांबवत होत्या. मला आठ दिवसांपूर्वी कळलं. मी सांगितलं नाही. तुम्ही घाबराल म्हणून मीच घाबरले. हवं तर माझ्या नावानं बोंब मारा, पण नंतर.”

शरयूच्या कपाळावर आठी चढत गेली.

“म्हणजे मॅडम… दोन महिने आम्ही तात्या होतो?”

बाराच्या बारा माना पहिल्या रांगेकडं वळल्या. तात्यांनी फेट्याला हात लावून नमस्कार केला. इफ्फत फिस्सकन हसली. मग दुसरी हसली. हसता हसता शरयूचे डोळे रागानं भरून आले. “लिंबूटिंबू केलं व्हय आम्हाला? त्या डबड्यानं?” तिनं बुटांच्या नाड्या करकचून आवळल्या. “चला गं.”

यंत्राच्या कुठल्याही चित्रणात नसेल असं आक्रमण बोरमळ्यानं केलं. खो इतके चटचट पडत होते की पंचांची शिट्टी मागं पडत होती. नऊ मिनिटांत बारा गडी. एकवीस-बारा.

मग कोरोमंडलचं शेवटचं आक्रमण. एकेक गडी जात राहिला. तेरा, चौदा, सोळा, एकोणीस. इफ्फतचा पाय मुरगळला. विसावा गडी गेला तेव्हा चाळीस सेकंद उरले होते आणि आपल्या तुकडीतली शरयू एकटी मैदानात होती. ती बाद झाली की बरोबरी, आणि तिच्यामागच्या तुकडीत लंगडणारी इफ्फत.

शरयूची छाती भात्यासारखी उडत होती. दहा सेकंद उरले. ती खांबाशी घसरली, एका गुडघ्यावर आली, उठायला तिला लागायला नको होता इतका वेळ लागला. मलरनं सूर मारला. तिचा लांब हात शरयूच्या खांद्यावर आला, आणि शरयूला मानेवर वारा जाणवला. तात्यांना पाठीवर जाणवायचा तसला. हात लागला नाही.

शिट्टी वाजली. एकवीस-वीस.

बोरमळ्याच्या पोरी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. मॅडम जागेवरून हलल्या नाहीत. त्या मैदान नव्हे, मलरचा हात बघत होत्या.

हस्तांदोलनाच्या रांगेत शरयूनं मलरचा हात सोडलाच नाही. “तुमने मुझे छोड़ा क्या?” तिनं आपल्या बोरमळी हिंदीत विचारलं.

“छोड़ा? मैंने?” मलर चक्रावली. “मैंने पूरा हाथ डाला। तुम निकल गयी।” मग तिनं भुवई उचलली. “छोड़ा तो तुमने मुझे। पहले हाफ में। मैंने सोचा, तुम्हारे गाँव का कुछ होगा।”

“मैंने कुछ नहीं छोड़ा!”

दोघींपैकी एकही खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी शरयूच्या आणि मलरच्या, दोन्ही निसटत्या हातांची चित्रणं थांबवून थांबवून बघितली आणि देवस्थळीबाईंना फोन लावला. “कोरोमंडलकडं तुमचं यंत्र आहे?”

“अकरापैकी एक. अगदी पहिलं.”

“तिथलंही पुसा. सगळी अकरा पुसा.”

“पुसते ना. यंत्रं काय, दोन मिनिटांचं काम.” पलीकडं थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला. “पण बाई, यंत्रापुढं दोन-दोन महिने खेळून मुलींच्या हातांनी जे उचललंय, त्याची दुरुस्ती आमच्याकडे होत नाही.”

मॅडमनी फोन ठेवला. मग कपाटातून स्वतःच्या अंतिम सामन्याचं चित्रण काढलं, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. अकरावा सेकंद. समोरचीचा हात त्यांच्या पाठीवर सणसणीत बसला होता, पाचही बोटं. त्यांनी ते तीनदा बघितलं आणि का कोण जाणे, त्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी शेडमध्ये धुकं नव्हतं. यंत्र त्याच दुपारी कोरं केलेलं होतं, नुकतंच शाळेत आलेल्या पोरासारखं सगळं बघून घ्यायला तयार. चोवीस कॅमेऱ्यांचे चोवीस लाल ठिपके पेटलेले होते.

“ते बंद करू का?” इफ्फतनं विचारलं.

मॅडमनी भिंतीवरच्या बटणाकडं हात नेला, आणि मागं घेतला. “शरयूला विचार.”

शरयू बटणाकडं न बघताच आपल्या जागेवर जाऊन बसली. तात्या काष्टा मारून मैदानात उतरले होते. खेळ सुरू झाला. खो पडत पडत शरयूकडं आला, ती उठली आणि तात्यांच्या मागं सुटली. म्हातारा पहिल्या खांबाशी धापायला लागला होता. तिचा हात आपोआप लांब झाला. चार बोटं उरली. पुढं जावं की थांबावं, हे त्या हाताला विचारायची तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच वेळ आली होती, आणि वरून चोवीस डोळे उत्तराची वाट बघत होते.

तात्यांनी पळता पळता मान जराशी वळवली.

“काय गं पोरी,” ते म्हणाले, “येतीस, का नुसतीच पळतीस?”